तीन महिन्यांचं कार्ड

या, जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलं की डोळा लागतो, आणि ही गोष्ट झोपेत ऐकायची नाही. कीर्तनात आधी अभंग येतो, मग त्याचा अर्थ येतो, आणि मग कुठं बुवा उपरणं सावरून दृष्टांताकडे वळतात. आज थेट दृष्टांतच घेऊ. प्रेमाचा आहे, आणि सुरू होतो तो अमरावतीच्या एका मोबाइलच्या दुकानात. ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढा शब्द आहे.

दोनेक वर्षं झाली. डिसेंबरची सकाळ होती, उन्हाला नुकती ऊब आलेली. राजकमल चौकाजवळच्या गल्लीत जहीरभाईंच्या दुकानाची पायरी चढून एक मुलगी आत आली. खांद्याला कापडी पिशवी, हातात परदेशी पासपोर्ट, आणि चेहऱ्यावर... रडू आणि राग यांच्या मधोमध अडकलेलं काहीतरी.

"नमस्कार. मला माझ्या भ्रमणध्वनीसाठी एक पत्रिका हवी आहे," ती म्हणाली. "आंतरजालासहित."

काउंटरमागच्या तरुणानं हातातला पेचकस खाली ठेवला. "मॅडम... तुमी रेडिओवर बातम्या सांगता का?"

"नाही. का?"

"एवढं शुद्ध मी फक्त तिथंच ऐकलं हाये."

तिनं पासपोर्ट काउंटरवर ठेवला. आपटला नाही, पण आपटावासा वाटत होता हे दिसलं. सकाळपासूनचं हे चौथं दुकान होतं. पहिल्यानं आधार कार्ड मागितलं. दुसऱ्यानं आधार कार्डाचा नंबर तरी सांगा म्हटलं. तिसऱ्यानं तिचा पासपोर्ट लग्नपत्रिकेसारखा उलटसुलट वाचला, शेजाऱ्याला दाखवला, तिला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मुलीचं नाव यशना. मॉरिशसची. पाच पिढ्यांमागं तिचे पूर्वज कोकणातून बोटीत बसून उसाच्या मळ्यात कामाला गेले, ते तिकडचेच झाले. पण मराठी सुटली नाही आणि देऊळही सुटलं नाही. गावातल्या त्या देवळात गणपतीला कीर्तन करायचे तिचे आजोबा. आता त्यांचा आवाज बसला होता. त्यांच्यामागं उभं राहणारं घरात कोणीच नव्हतं, ही एकच पोरगी सोडून. म्हणून त्यांनी तिला अमरावतीला धाडलं होतं, अंबादेवीच्या मागच्या अंगाला राहणाऱ्या देवीदासबुवांकडे, नऊ महिन्यांसाठी. पुढच्या गणपतीच्या आत परत यायचं आणि देवळात उभं राहायचं. आणि तोवर दर शनिवारी संध्याकाळी पाचला आजोबांना फोनवर दिसायचं, आठवड्याभरात जे शिकलं ते गाऊन दाखवायचं. कीर्तन अर्धं कानानं ऐकतात आणि अर्धं डोळ्यांनी, असं आजोबांचं म्हणणं, म्हणून नुसता आवाज चालायचा नाही. बुवांच्या घरी इंटरनेट नव्हतं. आणि उद्या शनिवार होता.

तरुणाचं नाव प्रज्वल. अकोल्याचा. त्यानं हसणं आवरलं आणि नीट समजावून सांगितलं की परदेशी पासपोर्टवर सिम कार्ड मिळतं, पण गावातला एक ओळखीचा माणूस लागतो. त्याच्या स्वतःच्या नावावरच्या नंबरवर सहा आकडे येतात, ते टाकले की फॉर्म पुढं सरकतो.

यशनाचा चेहरा उजळला. बुवा होते की! लगेच बुवांना फोन लागला. बुवांनी शांतपणे सांगितलं की त्यांचं कार्ड नांदगाव खंडेश्वरच्या भाच्याच्या नावावर आहे. मग कौशल्याकाकूंचं? तेही भाच्याच्याच. घरात तिसरं एक होतं, ते? तेही. एकदा गावात फुकट कार्ड वाटायला गाडी आली होती, तेव्हा भाचा बिचारा दिवसभर रांगेत उभा राहिला आणि अख्ख्या गोतावळ्याची सोय करून आला. आता भाचा शेतात होता, आणि शेतात रेंज नव्हती.

यशनानं हळूच पासपोर्ट उचलला.

"थांबा," प्रज्वल म्हणाला. "माया नंबर टाकतो."

आतल्या खुर्चीवर हिशेबाला बसावं तसे पेपर वाचत बसलेले जहीरभाई चष्म्यावरून बघत म्हणाले, "सोच ले बेटा. ये भाग गई तो पोलीस सीधे अकोल्याले जातीन, तुझ्या आईपाशी."

"मी पळणार नाही," यशना गंभीरपणे म्हणाली. "मला नऊ महिने राहायचं आहे."

"नऊ महिने..." प्रज्वलनं फॉर्म पुढं ओढला. "म्हणजे गणपतीपर्यंत. चालते."

मग फोटो. मागं पांढरी भिंत पाहिजे, आणि दुकानात भिंतच दिसत नव्हती, सगळीकडं कव्हरं आणि चार्जर लटकलेले. जहीरभाईंनी वरच्या मजल्यावर हाक मारली. कुलसुमबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जिन्यातून एक धुतलेली चादर खाली सोडली. जहीरभाई फोन धरून उभे, आणि यशनाच्या मागं दोन्ही हात ताणून चादर धरलेला प्रज्वल. चादरीला निळीचा आणि उन्हाचा वास होता. तिला मागं कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. फोटो आला तो तिच्या दोन्ही कानांशेजारी एकेक अंगठा घेऊन. पुन्हा काढला. पुन्हा अंगठे. तिसऱ्यांदा ती हसली, आणि हसरा फोटो चालत नाही म्हणून चौथ्यांदा काढावा लागला.

फॉर्म गेला. उत्तर आलं की कार्ड अठ्ठेचाळीस तासांत सुरू होईल.

"पण उद्या पाच वाजता..." तिचा आवाज तिथंच राहिला.

"मंग इथं येजा," प्रज्वल म्हणाला. "दुकानाचं नेट हाये ना."

आणि अशी ती दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानात उभी राहून कीर्तन गायली. समोर फोनच्या पडद्यावर पांढरी टोपी घातलेले आजोबा, मागं लटकणारे चार्जर. पहिल्या ओळीला तिला लाज वाटली. दुसऱ्या ओळीला कानावर एक ठेका आला, हलका, नेमका. प्रज्वल काउंटरच्या काचेवर बोटांनी लय धरून होता, त्याचं त्यालाही भान नसावं. त्याचे वडील जानराव अकोल्याच्या भजनी मंडळात जन्मभर टाळ वाजवत आले. वडील गेले, बोटं पोराला देऊन गेले. रिचार्जला आलेला एक म्हातारा पायरीवरच बसला. दोन कॉलेजच्या पोरी हातातलं कव्हर घेऊन उभ्याच राहिल्या. गाणं संपलं तेव्हा आजोबांनी पडद्यावर टोपी सारखी केली. मग म्हणाले, "दुकान चांगलं आहे. ऐकून घेणारी माणसं आहेत."

सोमवारी कार्ड सुरू झालं. म्हणजे आता दुकानात जायचं कारण उरलं नाही.

कारण उरलं नाही, पण काम निघतच राहिलं. कधी काचेला तडा गेला असं वाटायचं, कधी नेट हळू चालतं असं वाटायचं. प्रज्वल फोन हातात घेऊन उगीच दोनदा बंद-चालू करायचा आणि म्हणायचा, पाहा आता. मग गल्लीच्या तोंडाशी गिला वडा खायला. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो पाण्याचा ग्लास पुढं करत म्हणायचा, "बातम्यायच्या मधात ब्रेक घ्या थोडा."

ती त्याला "प्रज्वलराव" म्हणायची. शाळेतल्या पुस्तकात मोठ्या माणसांना राव लावलेलं असायचं, तेवढंच तिला ठाऊक. एके दिवशी बुवांच्या ओसरीवर भाजी निवडताना ती सहज म्हणाली की प्रज्वलरावांनी फोन दुरुस्त करून दिला. कौशल्याकाकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"बाई, आपल्याकडं राव जावयाले म्हणते," काकू म्हणाल्या. आणि मग तिच्याकडं न बघता, "म्हण तू. मी नाई सांगत कोनाले."

यशनाचे कान तापले. पण दुसऱ्या दिवशीही ती प्रज्वलरावच म्हणाली... फक्त जरा हळू.

मार्च उजाडला आणि एका शुक्रवारी सकाळी फोन मेला. नव्वद दिवस झाले होते. परदेशी माणसाचं कार्ड तीन महिन्यांचं, मग नवीन फॉर्म, नवीन फोटो, नवीन नंबर. खरं म्हणजे आदल्या आठवड्यातच अर्ज भरून ठेवता आला असता. दोघांपैकी कोणालाच ते सुचलं नाही.

पुन्हा चादर, पुन्हा अंगठे, पुन्हा अठ्ठेचाळीस तास. आणि पुन्हा शनिवार. रमजान चालू होता. पाच वाजता जहीरभाई रोज्यानं सुकून बसलेले पाहून यशना म्हणाली की आज ती दुसरीकडं कुठं तरी गाईल, त्यांना त्रास नको.

"रोजा पोटाचा असते बेटी, कानाचा नाई," जहीरभाई म्हणाले. "गा तू."

त्या दिवशी काउंटरखालून प्रज्वलनं फडक्यात गुंडाळलेले टाळ काढले. वडिलांचे. अकोल्याहून कधी आणले ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. ती गात राहिली आणि तिच्या डाव्या खांद्यामागं ते टाळ वाजत राहिले, एक पाऊल मागं, जिथं टाळकऱ्यानं उभं राहायचं असतं बरोबर तिथं.

आजोबा त्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "यशना, घरून गातेस तेव्हा चुका नसतात. दुकानातून गातेस तेव्हा चुका असतात, आणि मला आवडतं. हे काय आहे?"

यशना म्हणाली की नेटवर्क असेल.

मे महिन्यात बुवांचं कीर्तन अकोल्याला लागलं, जुन्या शहरात. यशनाला पहिल्यांदाच बुवांच्या मागं उभं राहायचं होतं. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. बस स्टँडवर प्रज्वल घ्यायला आला होता. त्यानं आधी तिच्या हातात एक कांदा दिला.

"हा कशाला?"

"खिशात ठेवा. लू लागत नाई."

"मॉरिशसमध्ये आम्ही मुलींना फुलं देतो."

"फुलं इथं बारा वाजेपर्यंतच टिकते," तो म्हणाला. "कांदा संध्याकाळपर्यंत टिकते." मग त्यानं तिचा पांढरा दुपट्टा घेतला आणि अकोल्याच्या पोरी गाडीवर बांधतात तसा तिच्या डोक्याभोवती, तोंडाभोवती बांधून दिला. फक्त डोळे उघडे राहिले. गाठ मारताना त्याची बोटं क्षणभर थांबली. तिनं डोळे मिटले नाहीत आणि त्यानं नजर वळवली नाही.

घरी त्याच्या आईनं कूलरसमोर बसवून आंब्याचं पन्हं दिलं. ओल्या वाळ्याचा वास, पाण्याची टपटप. आईनं तिला हजार गोष्टी विचारल्या, समुद्र खारट असतो तर माणसं पितात काय इथपासून. शेवटी म्हणाली, "अन् जाशीन कधी?"

"ऑगस्टमध्ये. गणपतीच्या पंधरा दिवस आधी."

प्रज्वल उठला आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेला. कूलर भरलेलाच होता.

जूनमध्ये दुसरं कार्ड संपलं. शुक्रवारी यशना दुकानात आली तेव्हा चादर आधीच घडी करून ठेवलेली होती. प्रज्वल फॉर्म भरू लागला. तेवढ्यात जहीरभाई आतून बाहेर आले, तिच्या उघड्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांकडे त्यांची नजर गेली आणि ते थांबले.

"बेटी, तू शिकायला आली ना? पोलीस हापिसात नाव नोंदलं हाये ना? मंग तो कागद लाव. त्याच्यावर एकच कार्ड पूर्ण व्हिसाभर चालते. हे तीन-तीन महिन्यांचं काहून करून राहिले तुमी?" आणि प्रज्वलकडं वळून, "तुले मालूम नोतं का बे?"

प्रज्वलनं पेनाचं टोपण लावलं.

"मालूम होतं," तो म्हणाला.

जहीरभाईंनी दोघांकडं पाहिलं, चष्मा काढला आणि वर कुलसुमबींना काहीतरी विचारायचं आठवल्यासारखे जिना चढून गेले.

"मार्चमधे मालूम झालं," प्रज्वल काचेकडं बघत बोलत होता. "सांगणार होतो. खरं सांगतो, फॉर्म हातात घेतला होता. मंग वाटलं, एकदा का पूर्ण कार्ड देलं की तुमी... काहून यासान इथं? तीन महिन्यांनी एक दिवस तरी यासान. तुमाले त्रास झाला, आजोबाईले त्रास झाला. चूक माई हाये. रागावा."

यशनानं पिशवीत हात घातला, एक घडी केलेला कागद काढला आणि काउंटरवर उलगडला. पोलीस कार्यालयाचा शिक्का. तारीख जानेवारीची.

"तिथल्या बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "हा दाखवला की एकच कार्ड पुरतं म्हणून."

प्रज्वलनं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"मंग तुमी काहून..."

"प्रज्वलराव," ती म्हणाली, "तुम्ही फोन दुरुस्त करता, आणि एवढं कळत नाही?"

तो हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "मले तू लय आवडते, यशना. पण तू जाशीन. अन् तू गेलीच पाह्यजे. तुया आजोबाईनं तुले देवळासाठी धाडलं, मायासाठी नाई. मी तुले थांब म्हनणार नाई."

"आणि मी तुम्हाला या म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुमची आई आहे इथे."

इतकंच. पेन पुन्हा उघडलं गेलं, फॉर्म भरला गेला. तीन महिन्यांचाच. कागद तिनं परत पिशवीत ठेवला.

ऑगस्टमध्ये बडनेऱ्याच्या फलाटावर बुवा होते, काकू होत्या, जहीरभाई दुकान बंद करून आले होते. रिमझिम चालू होती. गाडी हलली तेव्हा प्रज्वल डब्यासोबत चार पावलं चालला आणि म्हणाला, "गणपतीले फोन लाव. मी इथून टाळ धरतो." त्यात काय अवघड आहे, असं दोघांनाही वाटलं होतं.

गणपतीचा दिवस आला. तिकडं देऊळ भरलेलं. यशना नऊवारी नेसून, हार घालून उभी राहिली. पुढच्या रांगेत खुर्चीवर आजोबा. मागं, जिथं टाळकरी उभा असतो तिथं, एका स्टुलावर फोन आणि त्याला जोडलेला मोठा स्पीकर. इकडं दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, जहीरभाई फोन दोन्ही हातांनी धरून, आणि प्रज्वल टाळ घेऊन.

तिनं नमन सुरू केलं. टाळ वाजले... पण उशिरा. अर्ध्या श्वासानं मागं. तिनं लय हळू केली, टाळ आणखी मागं पडले. तिनं वाढवली, ते धावत आले आणि भलत्याच जागी पडले. नेट उत्तम होतं. चित्र स्वच्छ होतं. पण तिचा सूर समुद्र ओलांडून जायचा, तो ऐकून त्याचा हात पडायचा, आणि तो नाद परत यायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात अभंग पुढं गेलेला असायचा. देवळात कुजबुज झाली. यशना थांबली. तिच्या ओठांवर पुढचा शब्द होता आणि तो बाहेर येत नव्हता.

आजोबा काठी टेकून उठले. स्टुलापाशी गेले, वाकून फोनमध्ये बघितलं.

"मुला," ते त्यांच्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "यंत्रावरून बोलणं पोचतं, पैसे पोचतात. टाळ पोचत नाही. टाळाला माणूस लागतो. तुला यावं लागेल."

प्रज्वलच्या हातातले टाळ खाली आले. "माई आई..."

"तिला विचारलंस?"

त्यानं विचारलं नव्हतं. तिकडं यशनानं डोळे पुसले, आजोबांच्या टाळ्यांवर कीर्तन पुरं केलं, चुकत, सावरत, आणि लोक म्हणतात की तसं कीर्तन त्या देवळात फार दिवसांत झालं नव्हतं. इकडं प्रज्वल त्याच संध्याकाळी अकोल्याच्या बसमध्ये बसला.

आई अंगणात गहू निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुया बाप टाळ घेऊन गावोगाव फिरला, मले कधी विचारलं नाई. तू विचारून राहिला, हेच लय झालं. तुयी बहीण आचल हाये इथं दोन गल्ल्या सोडून, ती काही परकी नाई. जाय. फक्त दर साली पोरीले घेऊन येत जाय, मले अजून त्या समुद्राचं नीट समजलं नाई."

मार्गशीर्षात अकोल्याला लग्न लागलं. मॉरिशसहून आजोबा आले, थंडीत दोन शाली पांघरून बसले, आणि नातजावयाला सगळ्यांदेखत प्रज्वलराव म्हणाले. दोघं आता तिकडंच असतात. ती उभी राहते, तो एक पाऊल मागं राहतो. कुठं तिचा शब्द विसरला तर तो टाळ जरा जोरात वाजवतो, आणि लोकांना वाटतं लय वाढली.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे. त्या गल्लीतलं दुकान अजून उघडं असतं. काउंटरवर आता जहीरभाई एकटेच बसतात, गुडघे दुखतात त्यांचे, डोळ्यांनाही कमी दिसतं, आणि हाताशी नवीन माणूस ठेवलेला नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, ठेवू कधीतरी. तुम्ही देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांसाठी मागाल ते मागाच. पण शेवटी, हात खाली घेण्याआधी, जहीरभाईंचं नाव घ्या. रोज नको. आठवेल तेव्हा घ्या, पण घ्या.